गाण्यावर नाचणारे ख्रिसमस लाइट्स: घरी बनवलेला कंट्रोलर आत नेमकं काय करतो

अमेरिकेत नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंग उरकलं की काही घरांसमोर रात्री गाड्यांची रांग लागायला लागते. घर चारचौघांसारखंच असतं, पण छपराची कड, खिडक्या, अंगणातली झाडं, गॅरेजचं दार सगळं दिव्यांनी मढवलेलं आणि ते दिवे गाण्याबरहुकूम चालतात, ड्रम वाजला की छप्पर लख्ख होतं, व्हायोलिन सुरू झालं की झाडावर हळूहळू उजेड चढत जातो, आणि बघणारे गाडीतच बसून रेडिओवर तेच गाणं ऐकत असतात. बघताना वाटतं आत काहीतरी प्रचंड मशिनरी असणार. प्रत्यक्षात गॅरेजमध्ये एखादा जुना कॉम्प्युटर नाहीतर तळहातावर मावणारा ‘रास्पबेरी पाय’ हा छोटा कॉम्प्युटर आणि घरमालकाने स्वतः सोल्डर केलेले चार-पाच सर्किट बोर्ड असतात. त्या बोर्डांचं काम एका वाक्यात सांगता येतं, दिवा नेमक्या क्षणी लावायचा आणि नेमक्या क्षणी बंद करायचा. घोडं अडतं ते ‘नेमक्या क्षणी’ वरच, म्हणून मी इथे बाकी सगळ्यापेक्षा त्या क्षणाबद्दलच जास्त बोलणार आहे.

तसा हा नाद विजेच्या दिव्याइतकाच जुना आहे. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने घरातल्या ख्रिसमस ट्रीवर लाल, पांढरे, निळे मिळून ८० बल्ब हाताने वायरिंग करून लावले, विजेचे दिवे लावलेलं पहिलं ख्रिसमस ट्री म्हणून तेच ओळखलं जातं. पण मला त्यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट फार कुणी सांगत नाही. ते झाड विजेवर गोल फिरायचं आणि फिरता फिरता खालचे कॉन्टॅक्ट बदलायचे, त्यामुळे एका रंगाचा गट विझून दुसरा पेटायचा. म्हणजे पहिलंच झाड ॲनिमेटेड होतं आणि त्याचा कंट्रोलर होता एक फिरणारा कॉन्टॅक्ट!

आता थेट २००५. ओहायोतल्या मेसन गावच्या कार्सन विल्यम्स या इंजिनिअरच्या घराचा व्हिडिओ तेव्हा ईमेलवरून जगभर फिरला, १६,००० दिवे आणि सगळे संगीतावर. त्याने लाइट-ओ-रामा कंपनीचे तयार कंट्रोलर वापरले होते, एकूण ८८ चॅनल. हा ८८ आकडा नीट बघा कारण सगळी मेख त्यातच आहे. १६,००० दिवे असले तरी स्वतंत्रपणे चालू-बंद होणारे गट फक्त ८८, म्हणजे एका गटात सरासरी १८० दिवे. त्या गटाला म्हणतात चॅनल. छपराची उजवी कड एक चॅनल, डावी कड दुसरा, झाडावरचे लाल तिसरा, त्याच झाडावरचे हिरवे चौथा. अशा शोचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना आपणही करावं असं वाटलं, पण तयार कंट्रोलर चॅनलमागे चांगलेच महाग पडायचे, म्हणून मग लोक एकत्र येऊन सर्किट बोर्ड घाऊकमध्ये छापून घ्यायला लागले, पार्ट्सची यादी वाटून घ्यायला लागले आणि घरोघरी सोल्डरिंग सुरू झालं.

एका चॅनलला लागतं काय तर एक स्विच, जो कॉम्प्युटरने सांगितल्यावर चालू होईल. पहिला विचार रिलेचा, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचचा येतो आणि रिलेने काम होतंही, पण रिले खटखट वाजतो, सेकंदाला दहा-दहा वेळा चालू-बंद केला की कॉन्टॅक्ट झिजतात, आणि मुख्य म्हणजे रिलेला फक्त चालू आणि बंद एवढंच येतं, मंद नाही येत. आणि मंद होणं नसेल तर डिस्प्लेत जीवच नाही, नुसती लुकलुक.

आपल्याकडे गणपतीच्या डेकोरेशनसाठी ५५५ आणि ४०१७ या दोन आयसींचं चेझर सर्किट कितीतरी जणांनी बनवलं असेल. ५५५ ठोके देते, ४०१७ आपल्या दहा पिनांपैकी एकेक क्रमाने चालू करत जाते आणि दिवे पळताना दिसतात. सुंदर सर्किट आहे, मी कुणालाही सुरुवातीला तेच बनवायला सांगेन. पण त्याला फक्त क्रम कळतो. गाण्यात आता काय चाललंय, इथे थांबायचंय, तिथे अर्ध्याच उजेडावर राहायचंय, हे त्याला सांगायची सोयच नाही. तिथून पुढे यायचं तर दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे मंद-तेज करणारा स्विच आणि दुसरी बाहेरून आलेला हुकूम ऐकणारी चिप.

मंद-तेज करणारा स्विच म्हणजे ट्रायॅक. घरातल्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये असतो तोच. याचा स्वभाव एकदा कळला की अर्धी लढाई जिंकलीच म्हणायची. ट्रायॅकच्या गेटला एक छोटा झटका दिला की तो चालू होतो आणि झटका काढून घेतला तरी चालूच राहतो. बंद कधी होतो, तर त्यातून जाणारा करंट शून्यावर आला की आपोआप. आणि घरातली एसी वीज तर सारखी वर-खाली होत असते, अमेरिकेत सेकंदाला ६० आवर्तनं, प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्य, म्हणजे सेकंदाला १२० वेळा वीज शून्यातून जाते. दोन शून्यांमधलं अंतर ८.३३ मिलिसेकंद. आता शून्य गेल्या गेल्या लगेच गेटला झटका दिला तर दिव्याला पूर्ण ८.३३ मिलिसेकंद वीज मिळते आणि तो पूर्ण उजेड देतो, बरोबर मध्यावर ४.१७ मिलिसेकंदांनी दिला तर निम्मी पॉवर, आणि अगदी शेवटी शेवटी दिला तर दिवा जेमतेम धुगधुगतो. म्हणजे आपण व्होल्टेज कमी करतच नाही, फक्त उशीर करतो. जितका उशीर तितका मंद, बस्स. फिलामेंटच्या बल्बची तार तेवढ्यात थंड होत नाही म्हणून आपल्याला सलग उजेड दिसतो.

त्यासाठी चिपला आधी शून्य कधी झालं ते कळायला हवं. अमेरिकेतल्या घरगुती बोर्डांवर बहुतेक वेळा एच११एए१ नावाची एक छोटी ऑप्टोकपलर (म्हणजे सिग्नल उजेडातून पलीकडे पोचवणारी) आयसी असते, छोट्या ट्रान्सफॉर्मरकडून आलेलं कमी व्होल्टचं एसी तिला दिलं की प्रत्येक शून्याला ती चिपकडे एक पल्स पाठवते. चिप तिथून मोजायला सुरुवात करते. ८.३३ मिलिसेकंदांचे २५६ भाग केले तर एक भाग साधारण ३२.५ मायक्रोसेकंदांचा, तेवढ्या अंतराने चिप प्रत्येक चॅनलकडे बघत जाते, तुझी वेळ झाली का, झाली तर दे झटका.

हाच कोड जसाच्या तसा आणून भारतात चालवला तर काय होईल? आपल्याकडे ५० आवर्तनं, दोन शून्यांमध्ये १० मिलिसेकंद. चिपची शेवटची पायरी ८.३३ ला संपते, म्हणजे सगळ्यात मंद पायरीवरसुद्धा दिव्याला उरलेले १.६७ मिलिसेकंद वीज मिळत राहते, आणि दिवा हळूहळू विझत जाण्याऐवजी शेवटी टपकन विझतो. कोडमधला एक आकडा बदलला की प्रश्न मिटतो, पण कारण माहीत नसलं तर माणूस बोर्डावरच संशय घेत बसतो. शिवाय आपल्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं, त्यामुळे अमेरिकेच्या १२० व्होल्टसाठी लिहिलेली पार्ट्सची यादी घेऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पार्ट्स घ्यायला जाऊ नका, ट्रायॅक आणि त्याला झटका देणारा ऑप्टो दोन्ही ६०० व्होल्टचे मागा.

ऑप्टोचा विषय निघालाच आहे तर तो नीट सांगतो, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. चिप चालते ५ व्होल्टवर आणि तिला कॉम्प्युटर जोडलेला असतो, कॉम्प्युटरला आपण हात लावतो. दुसरीकडे ट्रायॅकवर थेट मेन्स, म्हणजे सॉकेटमधली वीज. या दोघांचा तारेने संबंधच येऊ द्यायचा नाही. म्हणून मध्ये एमओसी ३०२३ सारखा ऑप्टो टाकतात, आत एका बाजूला बारीक एलईडी आणि समोर उजेडाने चालू होणारा स्विच, हुकूम पलीकडे जातो तो फक्त उजेडातून. विकत घेताना एक गोष्ट बघायची. एमओसी ३०४१, ३०६३ असे काही ऑप्टो दिसायला हुबेहूब सारखेच पण ते शून्यालाच चालू व्हायला बनवलेले असतात, मधेच चालू होतच नाहीत. चालू-बंद करायला ते उत्तम, पण डिमिंगला एकदम निरुपयोगी, कारण आपलं डिमिंग म्हणजे मधेच चालू करणंच ना. २३० व्होल्टवर डिमिंग करायचं तर एमओसी ३०५२ बघा, तो ६०० व्होल्टचा आहे आणि मधेच चालू होतो. आणखी एक, बीटी १३६ ट्रायॅकची धातूची पाठ आतून एका मेन्सच्या टोकाला जोडलेली असते, म्हणजे त्यावर लावलेला हीटसिंकसुद्धा लाइव्ह असतो, तो चुकूनही हाताला लागेल असा ठेवू नका. बीटीए ने सुरू होणाऱ्या नंबरांत पाठ इन्सुलेटेड येते, दोन रुपये जास्त गेले तरी मी तोच घ्यायला सांगतो.

आता हुकूम पोचवायची बाजू. सुरुवातीला लोक कॉम्प्युटरचा प्रिंटर पोर्ट वापरायचे, त्याला डेटाच्या आठ तारा, म्हणजे सरळ आठ चॅनल. पण ८८ चॅनलला ८८ तारा कुठून आणणार? त्यावर अमेरिकेतल्या हौशी लोकांनी जे उपाय काढले त्यातला रेनार्ड नावाचा मला फार आवडतो. एका छोट्या पिक १६एफ६८८ चिपकडे आठ चॅनल. कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टमधून एकाच तारेवरून सगळ्या चॅनलचे आकडे एकापाठोपाठ निघतात, ० म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण. देवळात प्रसादाची परात हातोहात पुढे जाते, प्रत्येकजण आपला वाटा उचलतो आणि परात शेजारच्याला देतो, अगदी तसंच इथे चालतं, पहिली चिप पहिले आठ आकडे स्वतःला ठेवते आणि बाकीचे पुढच्या चिपकडे सरकवते. त्यामुळे कुठल्याही चिपला नंबर द्यायला लागत नाही, ओळीत जिथे बसली तोच तिचा नंबर. मर्यादा येते ती वेळेची. सेकंदाला ५७,६०० बिटच्या वेगाने, एका आकड्याला दहा बिट धरून, सेकंदाला ५,७६० आकडे जातात, दिव्यांची स्थिती दर ५० मिलिसेकंदांनी बदलायची म्हटली तर तेवढ्या वेळात २८८ आकडे मावतात, म्हणजे एका तारेवर साधारण तेवढेच चॅनल. जास्त हवे तर दुसरी तार ओढा.

हे सगळं फिलामेंटच्या माळांना छान चालायचं, मग एलईडीच्या माळा आल्या आणि नवीन भानगडी सुरू झाल्या. ट्रायॅकला चालू राहायला ठरावीक किमान करंट लागतो आणि एलईडीची एखादी माळ तेवढा घेतच नाही, त्यामुळे मंद करायला गेलं की ती फडफडते. उलट बंद असताना ट्रायॅकभोवतीच्या सर्किटमधून जो किंचितसा करंट झिरपतो तेवढ्यावर एलईडी मिणमिणत राहते, पूर्ण विझतच नाही. तिथले लोक यावर एकदम गावठी पण पक्का उपाय करतात, माळेच्या शेवटी एक ५-७ वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावून टाकायचा आणि तो कुठेतरी झुडपात लपवायचा. झिरपणारा करंट बल्ब खातो, ट्रायॅकला करंट मिळतो आणि दोन्ही दुखणी जातात.

पण खरी क्रांती केली ती पिक्सेलने. डब्ल्यूएस २८११ किंवा २८१२ या चिपा म्हणजे प्रत्येक दिव्याच्या पोटात बसलेला स्वतःचा कंट्रोलर, लाल-हिरवा-निळा असे तीन चॅनल प्रत्येकाचे स्वतंत्र. ५० दिव्यांची एक माळ म्हणजे १५० चॅनल, ओहायोच्या त्या अख्ख्या घरापेक्षा जास्त! परातीचा नियम इथेही तोच, पहिला दिवा पहिले २४ बिट (तीन रंगांचे आठ-आठ) ठेवून घेतो आणि उरलेले पुढे सोडतो, फक्त वेग बघा. एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा. २८१२ मध्ये त्यातली साधारण ०.४ मायक्रोसेकंद तार वर राहिली तर तो शून्य आणि ०.८ राहिली तर एक. दिव्यांना क्लॉकची, म्हणजे ठोका देणारी वेगळी तार नाही, नुसत्या लांबीवरून ओळखायचं. ८.३३ मिलिसेकंदांच्या हिशोबात वाढलेल्या माणसाला इथे एकदम मायक्रोसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात यायला लागतं.

म्हणूनच कुठला बोर्ड वापरायचा याचं उत्तरही वेळेवरच ठरतं. रास्पबेरी पायवर लिनक्स चालतं, ते मधेच दुसऱ्या कामाला गेलं की पाच-दहा मायक्रोसेकंद कधीच निघून जातात, तेवढ्यात माळेवर भलतेच रंग उमटतात, त्यामुळे त्यात हार्डवेअरच्या आडमार्गाने डेटा सोडायला लागतो. ईएसपी ३२ या वायफायवाल्या छोट्या चिपमध्ये अशा पल्स बनवायला वेगळं हार्डवेअरच दिलेलं आहे, म्हणून वायफाय चालू असतानाही ते नीट चालतं. आणि मोठे डिस्प्ले करणाऱ्यांचा लाडका छोटा कॉम्प्युटर बोर्ड म्हणजे बीगलबोन, त्याच्यात मुख्य प्रोसेसरशिवाय २०० मेगाहर्ट्झचे दोन छोटे प्रोसेसर असतात ज्यांना लिनक्सशी काही देणंघेणं नसतं, ५ नॅनोसेकंदाला एक सूचना, ना मागे ना पुढे. एका पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद धरले तर ८०० पिक्सेलना २४ मिलिसेकंद लागतात, सेकंदाला ४० चित्रं हवी असतील तर एका पिनवर ८०० च्या वर जाता येत नाही, त्यापेक्षा मोठं करायचं तर पिना वाढवायच्या.

नवीन माणूस अडकतो तो दोन ठिकाणी. ईएसपी ३२ ची पिन देते ३.३ व्होल्ट आणि ५ व्होल्टवरच्या २८१२ ला ‘वर’ म्हणून ओळखायला किमान ३.५ हवेत. कधी कधी तरीही चालतं, घरात टेबलावर तर मस्तच चालतं, आणि बाहेर थंडीत लांब तार लावली की पहिल्या दिव्यापासूनच गोंधळ. मध्ये ७४एचसीटी१२५ ही आयसी टाका, तिला २ व्होल्टलाच ‘वर’ समजतं आणि ती पुढे पूर्ण ५ व्होल्ट देते. एचसी नाही, एचसीटीच मागा, दुकानदार दोन्ही एकच म्हणून देऊ बघतो. डेटाच्या तारेत सुरुवातीला ३३० ओहमच्या आसपासचा एक रेझिस्टर टाकला की सिग्नलही स्वच्छ जातो.

दुसरी अडचण करंटची. एक पिक्सेल पूर्ण पांढरा झाला की ६० मिलिअँप घेऊ शकतो, ५० चे झाले ३ अँप, तेही ५ व्होल्टवर. बारीक तारेत व्होल्टेज पडत पडत जातं आणि निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात म्हणून आधी ते दोघे मार खातात, त्यामुळे माळेच्या शेवटाकडे पांढरा पिवळसर आणि मग तांबूस दिसायला लागतो. असं दिसलं की कोड बघत बसू नका, माळेच्या शेवटी किंवा मध्ये पॉवर सप्लायच्या दोन तारा परत आणून जोडा. आणि उजेड सरळ ३० टक्क्यांवर आणा, रात्रीच्या अंधारात तेवढा पुरून उरतो, करंटही वाचतो आणि शेजारीही सुखाने झोपतात.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगतो कारण त्यात समजून घेण्यापेक्षा करून बघण्यासारखं जास्त आहे. व्हिक्सन आणि एक्सलाइट्स ही दोन फुकट मिळणारी सॉफ्टवेअर बहुतेक सगळे वापरतात. घराचा फोटो टाकायचा, त्यावर माळा कुठे आहेत ते काढायचं, गाणं टाकायचं, ठोक्यांच्या खुणा करायच्या आणि मग खुणेखुणेवर कुठला दिवा काय करेल ते भरत जायचं. तीन मिनिटांच्या गाण्याला कित्येक संध्याकाळी जातात, हे खरं कष्टाचं काम आहे आणि चांगला डिस्प्ले इथेच ओळखू येतो. आवाज लाउडस्पीकरवर न लावता छोट्या एफएम ट्रान्समीटरवर सोडतात, अमेरिकेत लायसन्सशिवाय चालतो तो फार क्षीण, जेमतेम २०० फूट पोचणारा, पण रस्त्यावरच्या गाड्यांना तेवढा पुरतो. पिक्सेलचा मोठा फायदा म्हणजे माळा त्याच ठेवून नुसती फाइल बदलायची, त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी घरांत दिवाळीला लावलेल्या माळा डिसेंबर संपेपर्यंत काढायची गरजच नाही, आकाशकंदिलाचे रंग जातात आणि लाल-हिरवे येतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मेन्सवरचा ट्रायॅक बोर्ड पहिल्यांदा बनवू नये असं माझं ठाम मत आहे. आधी १२ किंवा ५ व्होल्टची एक माळ, एक ईएसपी ३२ आणि डब्ल्यूएलईडी हे तयार सॉफ्टवेअर, बाजारातला चांगला पॉवर सप्लाय. हात बसला, सोल्डर स्वच्छ यायला लागलं, मल्टिमीटर डोळे झाकून धरता यायला लागला, की मग ट्रायॅककडे वळा, तेही जाणकार माणूस शेजारी बसवून. बाहेरच्या प्रत्येक लाइनवर गळती पकडणारा ब्रेकर हवाच. अमेरिकेत बाहेरच्या सॉकेटवर असतो तो ५ मिलिअँपच्या आसपासच्या गळतीला उडतो, आपल्याकडचा घरातला आरसीसीबी साधारण ३० ला. पावसात तो सारखा उडायला लागला की बायपास करायचा मोह होतो, तो करायचा नाही, पाणी कुठे शिरतंय ते शोधायचं.

आणि पाणी शिरतंच. बोर्ड प्लॅस्टिकच्या बंद पेटीत ठेवला तरी दिवसा गरम, रात्री गार असं होऊन आत दव धरतं. म्हणून पेटी अगदी हवाबंद करण्यापेक्षा ती उभी लावतात, सगळ्या तारा खालून आत घेतात, प्रत्येक तार पेटीत शिरायच्या आधी खाली एक झोका घेईल अशी सोडतात म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी त्या झोक्यावरूनच जमिनीवर पडतं, आणि पेटीच्या तळाला मुद्दाम एक छोटं भोक पाडतात, आत जमलेलं पाणी बाहेर जायला. बोर्ड तळापासून चार बोटं वर, स्टँडऑफवर म्हणजे छोट्या खांबांवर बसवायचा. फ्यूज प्रत्येक चॅनलला वेगळा, आणि कुठल्या तारेवर कुठली माळ आहे ते पेटीच्या झाकणाला आतून लिहून चिकटवायचं, कारण दुरुस्तीची वेळ येते तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी असते, हातात टॉर्च असतो आणि रस्त्यावर लोक शो सुरू व्हायची वाट बघत असतात.